हद्द कुणाची?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेल्या काही तारखा लिहिताना भरल्या आहेत.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’ असा विषय छापला आहे. तो मीच कळवला होता, भाषणही लिहून आणलं होतं. ते आता पर्समध्येच राहू दे. ज्यांना त्या विषयाची काळजी आहे त्यांच्याशी जेवताना बोलेन. सकाळी हजेरी झाली तेव्हापासून दुसरंच काही डोक्यात फिरतंय, आणि त्यावर बोलण्याची परवानगी मी आत्ताच सरांकडून घेतली आहे.

सरांनी जुनं हजेरीपत्रक आणलं, ‘क’ तुकडीची नावं त्याच आवाजात पुकारली, आपण सगळे पंचेचाळिशीतले लोक ‘हजर सर’ म्हणत हसत होतो. मग एकतीस नंबर आला. कुणीच बोललं नाही. सरांनी चष्म्यावरून वर पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, तो बोटीवर होता.’ सरांचं पेन क्षणभर तसंच थांबलं आणि ते बत्तीस नंबरवर गेले. बरोबरच केलं त्यांनी. हजर लिहिता येत नाही आणि गैरहजर तरी कसं लिहिणार?

त्याचं नाव मी घेत नाही. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हे भाषण स्मरणिकेत छापायचं आहे. त्याच्या आईला ते नाव छापलेलं नको आहे. भूगोलात आपल्या सगळ्यांच्या पुढे असायचा, बाकी विषयांत आनंदच होता. बारावीनंतर आयटीआय केलं, मग मुंबईला जाऊन खलाशाचं प्रशिक्षण, मग सीडीसी काढून बोटीवर. आपल्याकडे दर दहा घरांत एक तरी ‘बोटीवर असतो’, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. घराला स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं. २०१७ च्या जुलैत एजंटचा फोन आला की, मुलगा बोटीवर सापडत नाही.

बोट तेव्हा आफ्रिकेच्या पश्चिमेला, कुठल्याही किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर होती. रात्री साडेअकराला इंजिनरूममधून वर येताना तो शेवटचा दिसला. पहाटे कामावर आला नाही. बोट मागे फिरवली, दिवसभर शोध घेतला आणि मग ती ठरलेल्या बंदराकडे निघून गेली. एवढंच.

आठवड्याभराने काकी पुण्यात माझ्या दारात उभ्या. सोबत एक पिशवी, तिच्यात त्याची कागदपत्रं. म्हणाल्या, ‘तू कॉम्प्युटरातली ना गो? मग बघ ना शोधून.’ मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. समुद्राचा आणि माझा संबंध शाळेच्या व्हरांड्यातून दिसायचा तेवढाच. पण हे काकींना सांगायचं कसं? मी त्यांना घेऊन एका पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि तुम्हाला मला सर्वांना पाठ असलेला प्रश्न विचारला, ‘घटना कुणाच्या हद्दीत घडली?’

मी जरा तोऱ्यात म्हणाले, ‘शून्य क्रमांकाने एफआयआर घ्या ना. हद्दीचं नंतर बघता येतं.’ ते म्हणाले, ‘घेतो मॅडम. पण शून्यावरचा गुन्हा ज्याच्या हद्दीत घडला त्याच्याकडे वर्ग करायचा असतो. कुणाकडे वर्ग करू ते तुम्ही सांगा.’

मला सांगता आलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेल्या आठ वर्षांतल्या माझ्या कितीतरी रात्री गेल्या. ते उत्तर मिळालं, म्हणून आज बोलते आहे.

आधी समुद्राची वाटणी. आपल्या व्हरांड्यातून खाडीपलीकडे जी क्षितिजाची रेघ दिसते, ती किती लांब असेल? आपण टेकडीवर, समुद्रापासून साधारण वीस मीटर उंच आहोत असं धरलं तर ती रेघ सोळा किलोमीटरवर येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा आपला प्रादेशिक सागर. तिथे भारताचा कायदा जमिनीवर चालतो तसाच चालतो. म्हणजे दहा वर्षं खिडकीतून आपण जेवढा समुद्र पाहिला तो सगळा आपल्याच हद्दीतला होता. त्यापुढे २४ मैलांपर्यंत सीमाशुल्क, परदेशी माणसांची ये-जा अशा मोजक्या बाबतींत आपला हात पोचतो. २०० मैलांपर्यंतची मासळी आणि तळाखालचं तेल आपलं, पण तिथून जाणारं जहाज आपलं नाही. आणि त्याच्याही पुढे खुला समुद्र. तो कुणाचाच नाही.

कुणाचाच नाही म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे कायदाच नाही. काकींनाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. तसं नाहीये. तिथे समुद्राला मालक नसला तरी प्रत्येक जहाजाला आहे. जहाज ज्या देशात नोंदवलेलं असतं, ज्या देशाचा झेंडा लावतं, त्या देशाचा कायदा त्या जहाजावर चालतो. एका वेळी एकच झेंडा. दोन लावले तर जहाज बेवारस धरतात. १९८२ च्या समुद्रविषयक करारात हे स्वच्छ लिहिलं आहे, आणि आपणही त्या करारावर आहोत. चाच्यांचा बंदोबस्त, गुलामांची वाहतूक असे थोडे अपवाद सोडले तर खुल्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या बोटीवर चढून ‘काय चाललंय’ असं विचारायचा अधिकारही कुणाला नाही.

इथे इतिहासाच्या सरांची आठवण काढायला हवी. मार्सेलची उडी त्यांनी कशी शिकवली होती ते कुणीच विसरलं नसेल. फळ्यावर बोट, बोटीला गोल खिडकी, आणि खडूचा समुद्र. आपण त्या उडीच्या धाडसातच इतके गुंतलो की ती उडी तिथेच का मारली, हे विचारायचं राहून गेलं. ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ ही ब्रिटिश बोट फ्रान्सच्या बंदरात उभी होती. सावरकर बोटीवर असेपर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि किनाऱ्यावर पाय टेकला की फ्रान्सच्या भूमीवर. ती उडी पाण्यात होती तशीच एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात होती. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेऊन दिलं, आणि त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला, की सोपवण्यात अनियमितपणा झाला खरा, पण म्हणून परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. तोवर इकडे त्यांना जन्मठेपेच्या दोन्ही शिक्षा सुनावून झाल्या होत्या. चूक झाली हे मान्य आणि तरी काही करायचं नाही, असा हा निकाल. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर असे बरेच वाचले.

पण मार्सेल हे बंदर होतं. भर समुद्रात दोन देश आमनेसामने आले तर काय, याची खरी गोष्ट सोळा वर्षांनंतरची आहे. ती जरा सावकाश सांगते, कारण आजचा कायदा तिच्यावरच्या भांडणातून आला.

२ ऑगस्ट १९२६, मध्यरात्रीच्या थोडं आधी. ‘लोटस’ नावाची फ्रेंच टपालबोट कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला चालली होती. ग्रीसच्या लेस्बॉस बेटाच्या सिग्री टोकापासून पाच-सहा मैल उत्तरेला तिची ‘बोझकुर्त’ नावाच्या तुर्की कोळसावाहू बोटीशी टक्कर झाली. तेव्हाच्या मापाने तो खुला समुद्र होता. बोझकुर्तचे दोन तुकडे झाले, ती बुडाली, आठ तुर्की माणसं गेली. लोटसने थांबून दहा जणांना वाचवलं, त्यात बोझकुर्तचा कप्तान हसन बे होता. त्या सगळ्यांना घेऊन लोटस दुसऱ्या दिवशी इस्तंबूलला पोचली.

टक्कर झाली त्या वेळी लोटसवर पहाऱ्याला लेफ्टनंट देमाँ नावाचा फ्रेंच अधिकारी होता. ५ ऑगस्टला तुर्कांनी त्याला जबानी द्यायला किनाऱ्यावर बोलावलं. तो सरळ मनाने गेला, आणि जबानी झाल्यावर त्याला तिथेच अटक झाली. हसन बेलाही झाली. दोघांवर खटला चालला. देमाँला ८० दिवसांची कैद आणि २२ पौंड दंड, हसन बेला त्याहून थोडी जास्त शिक्षा. म्हणजे तुर्कांनी आपल्या माणसाला सोडलं आणि परक्याला धरलं, असंही म्हणता येत नाही.

फ्रान्स संतापला. ८० दिवसांची कैद ही काही मोठी गोष्ट नव्हती, मुद्दा तत्त्वाचा होता. फ्रान्सचं म्हणणं, आमचा अधिकारी आमच्या झेंड्याखालच्या बोटीवर उभा होता, चूक केली असेल तर तिथे केली, तेव्हा विचारणार आम्ही. तुर्कस्तानचं म्हणणं, माणसं मेली ती आमच्या बोटीवर, आमच्या झेंड्याखाली. दोन्ही म्हणणी ऐकताना पटतात, आणि तीच तर पंचाईत. चूक एका बोटीवर, मरण दुसऱ्या बोटीवर, आणि मधलं पाणी कुणाचंच नाही.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. बारा न्यायाधीश. ७ सप्टेंबर १९२७ ला निकाल लागला तेव्हा सहा एका बाजूला आणि सहा दुसऱ्या. अध्यक्ष होते मॅक्स ह्यूबर, स्वित्झर्लंडचे, म्हणजे ज्या देशाला समुद्रच नाही तिथले. त्यांच्या निर्णायक मतावर तुर्कस्तान जिंकला. न्यायालय म्हणालं की, जहाज हे झेंड्याच्या देशाच्या भूमीसारखंच मानायचं असेल, तर बोझकुर्त ही तुर्कांची भूमी, आणि तिच्यावर झालेल्या मृत्यूंबद्दल तुर्कस्तानने खटला चालवला यात काही गैर नाही. दोन्ही देशांना अधिकार आहे. तुर्कस्तानची बाजू मांडायला त्यांचे न्यायमंत्री महमूत एसात स्वतः गेले होते. पुढे तिकडे आडनावं लावण्याचा कायदा झाला तेव्हा त्यांचं आडनाव झालं बोझकुर्त. बुडालेल्या कोळशाच्या बोटीचं नाव आडनाव म्हणून मिरवणारा मंत्री! हे वाचल्यावर मी रात्री दोनला एकटीच हसले होते.

मला वाटलं, चला, सापडलं. ज्याचा माणूस गेला त्याच्या देशालाही विचारायचा हक्क आहे. काकींना फोन करायला सकाळ व्हायची वाट बघत बसले. नशीब की वाट बघितली, कारण पुढचं पान वाचायचं राहिलं होतं.

एक तर तो हक्क तुर्कस्तानला मिळाला तो बोट तुर्कस्तानची होती म्हणून. मेलेली माणसं तुर्की होती एवढ्यावरच निकाल उभा नव्हता. आपला मित्र परक्या बोटीवर होता. दुसरं म्हणजे, तो निकाल जहाजवाल्यांना आवडला नाही. त्यांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. एका अपघातासाठी कप्तानाला प्रत्येक बंदरात वेगळा पोलीस धरायला लागला तर जहाज चालवणार कोण? १९५२ ला ब्रसेल्समध्ये करार झाला, १९५८ ला जिनिव्हात झाला, आणि १९८२ च्या करारात ९७ वं कलम म्हणून बसला. टक्कर किंवा जहाज चालवण्यातली अशी दुर्घटना झाली, तर कप्तानावर किंवा खलाशांवर फौजदारी खटला फक्त दोन देश चालवू शकतात. जहाजाच्या झेंड्याचा देश किंवा त्या आरोपी माणसाचा स्वतःचा देश. मेलेल्या माणसाच्या देशाचं नाव त्या यादीत नाही.

आपल्याकडचं ‘एन्रिका लेक्सी’ प्रकरण तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण साडेवीस मैलांवर, म्हणजे बाराच्या बाहेर आणि चोवीसच्या आत. इटलीच्या तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या, दोन मच्छीमार गेले. इटली म्हणाली ९७ वं कलम बघा, आमचा झेंडा, आमची माणसं. आपलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गोळी झाडणं ही काही जहाज चालवण्यातली दुर्घटना नव्हे. पुढे हेगच्या लवादानेही ९७ व्या कलमाबाबत इटलीचं म्हणणं मानलं नाही. गोळ्या इटलीच्या जहाजावरून सुटल्या, लागल्या भारताच्या बोटीवर, तेव्हा दोघांनाही अधिकार आहे, हे थेट लोटसच्या वळणाचं उत्तर त्यांनी २०२० मध्ये दिलं. आणि त्याच निकालात तीन विरुद्ध दोन मतांनी असंही सांगितलं की, ते नौसैनिक इटली सरकारच्या कामावर होते म्हणून भारतात त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही. भरपाई द्या. इटलीने दहा कोटी भरले, दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी आणि बोटीच्या मालकाला दोन कोटी ठरले, आणि जून २०२१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खटले बंद केले. काकींनी ती बातमी टीव्हीवर पाहिली. मला म्हणाल्या, ‘त्यांची बोट आपली होती ना?’ आठ वर्षांत मी जे पुस्तकांतून शिकले ते त्या एका वाक्यात बोलून गेल्या.

आता आपल्या मित्राच्या बोटीचा झेंडा. तो कुठल्या देशाचा होता हे सांगत नाही. एवढंच सांगते की तो देश नकाशात शोधायला त्यालाही, भूगोलात पहिला असून, थोडा वेळ लागला असता. मालक तिसऱ्याच देशात, कप्तान चौथ्या देशाचा, इंजिनरूममध्ये तीन भाषा. यात चोरीछुपे असं काहीच नाही. जगातली सर्वांत जास्त टनांची जहाजं पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटं या तीन ठिकाणी नोंदवलेली आहेत. लायबेरियाची नोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून एक खाजगी कंपनी चालवते. मंगोलियाला समुद्र नाही, तरी मंगोलियाचा झेंडा लावलेली जहाजं आहेत आणि त्यांची नोंदणी सिंगापूरमधून होते. मालक कर कमी, नियम सोपे, फी परवडणारी असा झेंडा निवडतो. याला सोयीचा झेंडा म्हणतात. सोय कुणाची, ते सांगायला नको.

करारात लिहिलं आहे की जहाज आणि झेंडा यांच्यात खरं नातं असायला हवं. ते नातं कशाला म्हणायचं हे ठरवायला १९८६ मध्ये वेगळा करार केला, तो पुरेशा देशांनी मान्य न केल्यामुळे आजवर लागूच झालेला नाही. आमच्या धंद्यात याला सोपी उपमा आहे. सगळे अधिकार एकाच खात्याला दिले आहेत, आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे द्यायचा ते ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच ठरवतो. अशी रचना मी बँकेसाठी केली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.

तर पोलीस अधिकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे. हद्द त्या झेंड्याच्या देशाची. आपला कायदा आपल्या नागरिकाच्या मागे जगभर जातो, पण तो गुन्हा करणारा नागरिक असेल तर. त्याच्यासोबतच्या एखाद्या भारतीयाने त्याला ढकललं असतं तर केंद्र सरकारची परवानगी घेऊन इथे खटला उभा राहिला असता. परक्या बोटीवर परक्या माणसाने ढकललं तर नाही. त्याने स्वतःच उडी मारली असेल तर नाही. पाय घसरला असेल तर नाही. आणि यातलं काय झालं हे शोधायचा अधिकारही मुळात झेंड्याच्याच देशाला. बोट पुढच्या बंदरात लागली तेव्हा तिथले पोलीस चढले, कागद पाहिले आणि उतरले. त्यांच्या पाण्यात काही घडलंच नव्हतं.

यातून एक फट मला सापडली, ती मात्र सांगण्यासारखी आहे. करारातलं ९४ वं कलम. खुल्या समुद्रात आपल्या जहाजावरच्या दुर्घटनेत दुसऱ्या देशाचा नागरिक दगावला तर चौकशी करणं हे झेंड्याच्या देशाचं कर्तव्य आहे, मर्जी नाही. त्या देशाने आपलं काम नीट केलं नाही असं मानायला ठोस कारण असेल तर दुसरा देश तसं कळवू शकतो, आणि कळवल्यावर त्याला दखल घ्यावी लागते. शिवाय २०१० पासून अपघात-चौकशीची जी नियमावली लागू आहे तिच्यात, ज्याची माणसं गेली तो देश चौकशीत हितसंबंधी म्हणून धरला जातो. हे सगळं मी मुंबईतल्या संबंधित कार्यालयाला लिहिलं. एकदा नाही, अकरा वेळा. आपल्या वर्गातल्या वकिलाने फुकट मसुदे तपासून दिले. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता खाली बघतोय.

पहिल्या दोन वर्षांत तर मला बोटच सापडेना. नाव बदललं होतं, झेंडाही बदलला होता. प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर असतो आणि तो जन्मभर बदलत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकींच्या पिशवीतल्या एका पगाराच्या पावतीवर तो होता, पण शेवटचा आकडा पुसट झालेला. गणिताच्या बाई, तुम्ही इथे आहात म्हणून सांगते. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने सात, सहा, पाच, चार, तीन, दोनने गुणायचं, बेरीज करायची, आणि बेरजेतला एकं स्थानचा आकडा हाच सातवा आकडा. मी पावतीच्या मागेच मांडून काढला. जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकला, आणि बोट दिसली. कुठल्यातरी बंदरात धान्य उतरवत होती. काकी शेजारी बसल्या होत्या. स्क्रीनवरच्या त्या हिरव्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

चौकशीचा अहवाल चार वर्षांनी आला. दोन पानं. बहुधा पाण्यात पडला असावा, कारण निश्चित करता आलं नाही. तीन खलाशांच्या जबान्या, तिघांचीही वाक्यं जवळजवळ सारखी. मी मराठीत वाचून दाखवला. काकींनी विचारलं, ‘त्या रात्री डेकवरचा दिवा चालू होता की नाही, ते लिहिलंय?’ नव्हतं लिहिलं. तेवढा एकच प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा पत्र लिहिलं आहे. उत्तर यायचं आहे.

मधल्या काळात बँक, विमा, भरपाई सगळं अडलेलं, कारण करारात मृत्यूची भरपाई होती आणि हा बेपत्ता. आपल्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षं काहीच कळलं नाही तर माणूस हयात नाही असं धरता येतं. ती सात वर्षं गेल्या वर्षी पुरी झाली. न्यायालयात अर्ज करायचा तर आईला सही करावी लागते. त्या सहीसाठी काकींनी पाच महिने घेतले. मीही घाई केली नाही. यंदा श्रावणात आदेश मिळाला, पैसेही आता येतील. पण घरात त्याच्या फोटोला अजून हार घातलेला नाही. तेव्हा सर, त्या एकतीस नंबरपुढे तुम्ही काहीच लिहिलं नाहीत ते योग्यच झालं.

शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंशी माझं बोलणं झालं आहे. बारावीनंतर बोटीवर जाणारी मुलं याही शाळेतून दरवर्षी निघतात आणि निघणार, त्यांना कुणी अडवू नये. फक्त निघण्याआधी चार गोष्टी घरी लिहून ठेवायला लावा. जहाजाचं नाव नको, आयएमओ नंबर. झेंडा कुठला. एजंटच्या सरकारी परवान्याचा क्रमांक, आणि तो परवाना अजून चालू आहे का, कारण या सगळ्या साखळीत आपल्या कायद्याच्या हद्दीत बसणारा माणूस फक्त तोच एक असतो. आणि नोकरीच्या कराराची सही केलेली पूर्ण प्रत, नुसतं पहिलं पान नव्हे. बोट बदलली की हे सगळं पुन्हा.

माझ्याकडच्या फाइलची एक प्रत मी आज शाळेच्या ऑफिसात ठेवली आहे. अकरा पत्रांचे मसुदे आहेत, नावं खोडून. ज्यांची मुलं किंवा भाऊ आत्ता बोटीवर आहेत त्यांनी जेवणानंतर मला भेटा, नंबर तिथल्या तिथे तपासून देते. आता थांबते, बाहेर पानं मांडली आहेत आणि उकडीचे मोदक गार होतायत.